ॲपवरचा शून्य वारा

परवा ऑफिसात काय झालं, ऐका. आमच्या प्रत्येक प्रोजेक्टच्या कंपायलर सेटिंग्ज, म्हणजे कोडचं ॲप बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज, वेगळ्या होत्या. माझ्या टीममधल्या शबानाने त्या एका सामाईक फाइलमध्ये आणल्या आणि त्यातच कोडमधल्या चुकांची कडक तपासणी चालू केली. झालं! एकही प्रोजेक्ट बिल्ड होईना, म्हणजे ॲप तयारच होईना.

त्यातलंच एक मच्छीमारांना वाऱ्याचा वेग दाखवणारं ॲप. त्याची नवी आवृत्ती दुपारपर्यंत द्यायची होती. मी तिच्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होतो.

“शबाना, ती तपासणी बंद कर. उद्या बघू.”

“थांब रे, हा एरर वाच आधी. वाऱ्याचा आकडा आलाच नाही तर काय, असं विचारतोय.”

“तर काय? शून्य दिसेल.”

बोललो आणि मलाच खटकलं. शून्य बघून मच्छीमारांना वाटणार, वारा नाहीच. तिने घाईघाईने सर्व्हर तपासला. सकाळपासून आकडे आलेच नव्हते. आणि तिचा भाऊ इरफान होडी घेऊन समुद्रात होता.

तिने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मला एका जागी उभं राहवेना. शेवटी लागला.

“इरफान, ॲपवर वारा किती दिसतोय?”

“शून्य.”

“खोटा आहे तो! माहितीच आलेली नाही. मागे फिर, बाकीच्यांनाही सांग.”

“फिरतो गो.”

बऱ्याच वेळाने बंदरातून त्याचा फोन आला. “होडी कधीची हेलकावे खात होती. आणि मी मोबाइल बघून मनाला समजावत होतो, की वारा नाहीच.”