यंत्राची जागा

आजी: अहो, त्या दूध-पावडरवाल्यांच्या पहिल्या पत्राला तेव्हाच उत्तर दिलं असतंत, तर ही वेळ आली असती का?

आजोबा: काय लिहावं तेच सुचेना. ‘मी लायक नाही’ म्हटलं तर नाटकी वाटलं असतं.

आजी: म्हणून गप्प बसलात! त्यांनी होकार समजून पत्रिकेत नाव छापलं. औद्योगिक वर्णपटशास्त्राचा, म्हणजे तुमच्या त्या प्रकाशाच्या अभ्यासाचा पुरस्कार! जन्मभर तुमचे भाऊ ‘दिवेवाला’ म्हणून हसले. मी कोटाला इस्त्रीसुद्धा करून ठेवली. आणि तुम्ही काल त्यांचा कारखाना बघून आल्यापासून नुसते हात धुताय.

आजोबा: मालकानं माझा हात दोन्ही हातांत धरला गं. अजून शिसारी येते.

आजी: असं पाहिलंत तरी काय?

आजोबा: मी बनवलेलं यंत्र. दुधाच्या पावडरीवर प्रकाश टाकायचा, भेसळ असली की पडद्यावरची रेघ उचलते. त्याची जागा फाटकापाशी, बाहेरचा माल उतरतो तिथे. यांनी आत ठेवलंय. मिसळायच्या पिंपाला खेटून.

आजी: मग?

आजोबा: भेसळ हेच ओततात. रेघ हलायला लागली की थांबतात, म्हणजे तपासणीत सापडायला नको. मालक कौतुकानं म्हणाला, ‘सर, तुमच्यामुळे आता अंदाजानं काम करावं लागत नाही.’

आजी: शी! आणि त्यांनी भेट पाठवलेले डबे मी लेकीला दिले हो. बाळासाठी.

आजोबा: सकाळीच फोन केला तिला. फेकून दे म्हटलं.

आजी: फोन? तुम्ही? काय सांगितलंत?

आजोबा: माल जुना आहे, एवढंच.

आजी: आणि बाकीच्यांच्या बाळांना कोण फोन करणार?

आजोबा: माझीच पाहण्यात चूक झाली असेल तर?

आजी: सदऱ्याची बटणं चुकाल, चहात साखरेऐवजी मीठ घालाल. रेघ वाचायला चुकाल? हा घ्या कागद. पुरस्कार नको, आणि का नको, सगळं लिहा. आणि एक प्रत अन्न तपासणाऱ्या खात्याला. आणि सही नीट करा. तुमची सही म्हणजे माणूस पळून जाताना दिसतो.

(कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी.)

आजी: सोडा की आता. पेटी चावत नाही.

आजोबा: शेवटी ‘आपला नम्र’ लिहिलंय. खोडू का?

आजी: राहू दे. टाकलंत?

आजोबा: टाकली. दोन्ही.

आजी: नाव वाचता येईल ना?

आजोबा: या वेळी येईल.