सासूबाईंचा भुंगेरा आणि मामंजींचा

संग्रहालयाच्या कॅन्टीनमध्ये चहाची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. सकाळपासून देवमाशाच्या सांगाड्यापाशी उभं राहून पहारेकऱ्याचे पाय भरून आले होते. कान मात्र ताजेतवाने होते. पुढेच किड्यांच्या विभागातल्या बाई पक्ष्यांच्या विभागातल्या मैत्रिणीशी बोलत होत्या.

“नव्या जातीचा पहिला भुंगेरा मला सापडला तो बारका, मातकट. त्याला मी सासूबाईंचं नाव दिलं.”

“आणि मामंजी रुसले.”

“म्हणून पुढच्या भुंगेऱ्याला त्यांचं दिलं. तो निघाला मोठा, हिरवागार, चमकणारा. तेव्हापासून सासूबाईंनी त्यांच्याशी अबोला धरलेला. दोघं आपापल्या खोलीत, आपापल्या भुंगेऱ्याचा फोटो लावून.”

“मग आता काय झालं?”

“काल दोन्ही तऱ्हांचे भुंगेरे एकाच झाडाच्या सालीखाली सापडले. जोडीनं.”

“जोडीनं म्हणजे?”

“जोडीनं म्हणजे जोडीनं. जात एकच आहे गं. मातकट तो नर, चमकणारी ती मादी.”

“म्हणजे मामंजी मादी?”

“हो. आणि जात एक ठरली की आधी दिलेलं नाव राहतं, नंतरचं जातं.”

“अगं बाई! घरी सांगितलंस?”

“जेवताना सांगितलं.”

“मामंजींनी काय केलं?”

“उठले, हात धुतले, आपल्या भुंगेऱ्याचा फोटो भिंतीवरून काढला आणि सासूबाईंच्या खोलीत, त्यांच्या फोटोशेजारी खिळा ठोकून लावला.”

“आणि सासूबाई?”

“बोलल्या की त्यांच्याशी.”

“काय बोलल्या?”

“‘वाकडा लागलाय.’”