गेल्या वर्षीचं पाणी

ऐका, ती बॅटरी आधी खाली ठेवा आणि बसा त्या बाकड्यावर. कातळीला परत किनाऱ्यानेच चालत जाणार म्हणता? नाही जायचं. का ते सांगते, मग तुम्हीच वरच्या रस्त्याने जाल, आणि पळत जाल.

दुपारपासून ही चष्मेवाली माझ्या मागे लागलीय, काकी, किती शांत किनारा, एक टपरी नाही की एक माणूस नाही. नाहीच आहे! शहाळंवाला नाही, कपडे बदलायला खोली नाही, म्हणून तर माझ्या न्हाणीघरापुढे रांग लावली होतीत ना तुम्ही? पाण्यात उतरणाऱ्यावर लक्ष ठेवायला शिट्टीवाला नाही. धोक्याची पाटीसुद्धा नाही. पाटी का नाही, ते गोष्टीत येईलच. हसू नको गो, ऐक.

तर आमचे हे. बाबल मेतर. घ्या, नाव घेतलं. नवऱ्याचं नाव घ्यायला कसली लाज? लाजायच्या गोष्टी वेगळ्या असतात. तर हे गेले होते कातळीला, बहिणीच्या नातवाच्या बारशाला. जेवण झालं, गप्पा झाल्या, बाहेर काळोख पडला. निघताना भावोजी म्हणाले, "रस्त्यान कशाक जातंस वळसो घालून? वेळेवरना जा. काय भियातंस?"

आमच्यात समुद्राच्या वाळूला वेळ म्हणतात, कळलं ना? हे तर जातीचे मच्छीमार. चारचौघांत कोणी भितोस का विचारलं, तर हे काय बोलणार? "मी कोणाक भियाणार?" म्हणाले, लुंगी खोचली आणि उतरले की हो वाळूत! वर्षभर ती वाट टाळली होती, आणि त्या रात्री नेमके उतरले.

चांदणं नव्हतं. ओहोटी लागलेली, पाणी लांब गेलेलं. हे चालतायत. एका बाजूला सुरूचं बन, दुसऱ्या बाजूला काळोख. खाडीच्या मुखापाशी आले, आणि बघतात तर पाण्याच्या कडेला कोणीतरी उभं. पॅन्ट वर दुमडलेली. बूट हातात. वीस-बावीसचा मुलगा.

"काका," तो म्हणाला, "इथे पाणी किती आहे?"

यांच्या हातातली बॅटरी पडली. आवाज ओळखीचा होता ना! हाच मुलगा. हाच प्रश्न. आदल्या वर्षीचा.

आता इथे थांबून तुम्हाला मागचं सांगायला हवं. पावसाळ्यात आमच्या खाडीच्या मुखाची वाळू सरकते. आज जिथे गुडघाभर, तिथे चार महिन्यांनी पुरुषभर. म्हणून रीत अशी, की नारळी पौर्णिमा झाली, की मेतरांच्या घरातला पुरुष बांबू घेऊन ओहोटीला मुखात उतरणार, पावलापावलाला तळ बघणार, आणि मग गावाला सांगणार, अमुक ठिकाणी जा, तमुक ठिकाणी नको. तोवर कोणी उतरत नाही. पाण्याबद्दल कोणी बोलतसुद्धा नाही. पिढ्यान्‌पिढ्या मेतरांचं काम हे.

त्या वर्षी यांनी केलं नाही. होडीचं काम निघालं होतं म्हणे. आज बघतो, उद्या बघतो. वाळू कुठे पळून जातेय?

आणि एक दिवस हा मुलगा आला. घाटावरून, एकटाच, मोटारसायकलवर. तुमच्यासारखाच, शांत जागा शोधत. हे वाळूत बसून जाळं सांधत होते. त्याने नीट जवळ येऊन विचारलं, काका, पाणी किती आहे? आणि आमच्या या शहाण्याने मान वर न करता सांगितलं, "गुडघाभर आसा. जा बिनधास्त."

गुडघाभर होतं खरं, गेल्या वर्षी.

दुसऱ्या दिवशी तो जाळ्यात मिळाला. त्याची आई आली. देवळापुढे सगळा गाव जमला होता. तिने हात जोडून विचारलं, "त्याला कोणी अडवलं नाही का हो?" तर एक जण बोलला, अडवला की बाई, ऐकलं नाही त्याने. दुसरा म्हणाला, तोंडाला दारूचा वास होता. तिसऱ्याने मान हलवली. मग सगळ्यांनीच हलवली. आणि आमचे हे, ज्यांनी सांगितलं होतं बिनधास्त जा, ते तिथे उभे राहून मान हलवत होते! मी तेव्हा माहेरी होते बाळंतपणाला. परत आले तर गाव गप्प. मला काही कळलंच नाही. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि गेली पोराला घेऊन. आज सांगताना मला मान वर करवत नाही हो तुमच्यापुढे.

बरं. तर तो मुलगा समोर उभा. यांनी बॅटरी उचलली आणि चालायला लागले, काही न बोलता. मागे बघायचं नाही, रामाचं नाव घ्यायचं, एवढंच डोक्यात. थोडं पुढे गेले. तर हा पुढेच उभा! बूट हातात, पॅन्ट दुमडलेली. ओरडला नाही, दात विचकले नाहीत, काही नाही. शाळेत मास्तरांना विचारावं तसं विचारलं, "काका, पाणी किती आहे?"

"माका म्हायत नाय!" हे म्हणाले.

म्हणाले मात्र, आणि पायांना गार लागलं. बॅटरी मारून बघतात, तर खाली वाळू कोरडी खडखडीत. पण घोट्यापर्यंत पाणी! दिसत नाही, लागतंय. उचलला पाय तर पाण्यातून ओढल्यासारखा जड!

हे धावायला लागले. पाण्यातून माणूस कसा धावेल? दोन पावलं टाकतायत आणि धापा. मुलगा बाजूने चालतोय, आरामात. "काका, सांगा ना. तुम्ही इथलेच ना?"

"खोल आसा! जाव नको, बाबा, जाव नको!"

"मग त्या दिवशी जा कोणी सांगितलं?"

बघा, इथे खरं बोलले असते तर तिथेच सुटले असते. पण माणसाची जीभ! "दुसऱ्या कोणीतरी," हे म्हणाले. झालं. पाणी गुडघ्यावर. मांडीवर. कोरड्या वाळूत उभे आहेत हो, आणि लुंगी चहूकडून वर येऊन तरंगतेय! डोळ्यांनी वाळू दिसतेय, आणि अंगाला समुद्र!

मग यांना राग आला. भीतीने माणसाला रागच येतो. ओरडले, "आमी तुका नको म्हटला होता! तूच आयकूक नाय!"

पाणी छातीला.

आणि मग सुरूच्या बनातून आवाज यायला लागले. एकाचा नाही, सगळ्या गावाचा. अडवला की बाई. ऐकलं नाही त्याने. दारूचा वास होता. ओळखीचे आवाज, शेजारच्यांचे, चुलत्याचे, पुजाऱ्याचे. सगळे एकदम, आरतीला म्हणतात तसे एका सुरात. आणि त्यात एक आवाज सगळ्यांत मोठा. कोणाचा असेल? यांचाच! देवळापुढे तर यांनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, नुसती मान हलवली होती. पण बनात यांचाच आवाज सगळ्यांच्या वर!

पाणी हनुवटीला. तोंडात खारट. नाकात खारट. बायको-पोरं आठवली म्हणतात, आता खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. शेवटचा श्वास उरला तेव्हा ओरडले, "मियाच सांगितलंय! मिया, बाबल मेतर! बांबू घालून बघूक नाय मी! गेल्या वर्साचा पाणी सांगितलंय तुका! तू काय पिवक नव्हतंस!"

बन गप्प झालं. पाणी उतरलं, बादली उपडी करावी तसं. हे वाळूवर उताणे, खोकतायत, उलट्या करतायत. मुलगा वाकून बघत होता यांच्याकडे.

"हे मला सांगून काय उपयोग, काका?" तो म्हणाला. "मला माहीत आहे. आईला नाही माहीत."

घरी आले तेव्हा मी दार उघडलं. लुंगी कोरडी, सदरा कोरडा, आणि केसांतून, मिशांतून पाणी ठिबकतंय! चुलीपुढे बसवलं आणि सगळं काढून घेतलं त्यांच्याकडून. ऐकलं, आणि खरं सांगते, भुताची भीती मला वाटलीच नाही. मला लाज वाटली. कसल्या माणसाचं कुंकू लावते मी, असं झालं.

म्हटलं, उद्याच्या एसटीने त्याच्या आईकडे जायचं. गावाला कळलं, आणि सगळे दारात. जाऊ नको बाबल्या, गावाचं नाव जाईल, पोलीस येतील. हे डळमळायला लागले. मी पिशवी भरली आणि म्हटलं, तुम्ही येत नसाल तर मी एकटी जाते आणि तुमचं नाव सांगून येते. मग उठले.

तिच्या घरी गेलो. पिठाची गिरणी होती तिची. अंगभर पीठ. यांना ओळखलं तिने, तरी आत बसवलं आणि चहा ठेवला. यांनी चहाला हात लावला नाही. जमिनीकडे बघत सगळं सांगितलं, बांबूपासून देवळापर्यंत. मला वाटलं, आता ही पायातली काढणार. काढली असती तर बरं झालं असतं हो.

ती म्हणाली, "मी त्याला वर्षभर शिव्या घालतेय. दारू प्यायला शिकलास, माझ्यापासून लपवलंस, म्हणून. वर्षश्राद्धसुद्धा केलं नाही मी त्याचं." उठली, कपाट उघडलं, कपड्यांच्या तळाशी पालथा घातलेला फोटो काढला. पदराने पुसला तर त्याच्यावर पीठच लागलं. मग यांना विचारलं, "तुम्ही गुडघाभर म्हणालात. त्यावर तो काय बोलला?"

यांनी एकदा त्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "थँक यू काका, म्हणाला."

"हो," ती म्हणाली, "म्हणणारच." आणि तेव्हा कुठे रडली ती. वर्षभराचं सगळं रडली.

आम्ही परत आलो. तेव्हापासून हे कोणाच्या नजरेला नजर देत नाहीत. आत खोकतायत ना, तेच. जागे आहेत. पाहुणे आले की तू सांग, माझ्याच्याने बोलवत नाही, म्हणतात.

मुलगा गेला का तिथून? नाही हो गेला. एकट्याने कबूल केलं, गावाने कुठे केलंय? आजही देवळापुढे विचारून बघा, सांगतील, प्यायलेला होता. पाटी लावू म्हटलं तर म्हणतात, पाटी लावली की आपली चूक होती असं होतं. म्हणून काळोख पडला की आमच्यातलं कोणी त्या वाटेला जात नाही. तिथे त्यांना काय विचारलं जाईल, ते त्यांना पक्कं ठाऊक आहे.

तुम्हीही जायचं नाही. वरच्या रस्त्याने जा, वळसा पडतो, पडू दे. आणि उद्या सकाळी पाण्यात उतरायचं मनात आलं, तर किनाऱ्यावर जो कोणी जाळं सांधत बसलेला असेल ना, तो कितीही चांगला दिसला तरी त्याला विचारू नका. उतरूच नका. माझ्या गावाबद्दल मलाच हे सांगावं लागतंय.

उठा आता. बॅटरी घ्या.