सर्टिफिकेटवाल्या बाईचा फोन

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या, मग सांगतो. तवा आमच्या सॉफ्टवेअरवर लोकांची ऑनलाइन दुकानं चालायची, पण वेबसाइटचं नाव ज्याचं त्याचं. त्या प्रत्येक नावाचं सुरक्षेचं सर्टिफिकेट आम्हीच काढून द्यायचो. परदेशातली कंपनी ते द्यायची, तेबी दुकानाच्या फोनवर बोलून खात्री पटल्यावरच.

कबनूरचे कापडवाले अण्णा वारले आणि नेमकं त्यांचं सर्टिफिकेट संपत आलं. लई जीव लावणारा माणूस. फोन कुणाचाबी असू दे, आधी "जेवलासा का?" मगच धंद्याचं. आता दुकानाला कुलूप, आणि सर्टिफिकेट संपलं की वेबसाइट उघडणाऱ्याला धोक्याची पाटी दिसणार. मी त्यांच्या बायकोला सांगितलं, "वैनी, उद्या दुपारी दुकानात जाऊन बसा. फोन येईल, तेवढं हो म्हणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्टिफिकेट हजर! मी खुशीत वैनींच्या घरी फोन लावला. "झालं की काम! झकास बोललासा."

"कुठलं बोलतीया? घरात पावणं आल्यात, मी अजून निघालेच न्हाय. दुकानाची किल्ली ही काय, हितं खुंटीला हाय."

 त्या परदेशी कंपनीत खात्रीचा फोन करणाऱ्या बाईला लगेच मेल टाकला, दुकानातला फोन उचलला कुणी?

तिचं उत्तर लगेच आलं. "मालकांनीच. इंग्रजी येत नसावं, सगळ्याला येस म्हणाले. फार गोड माणूस. पण फोन उचलल्या उचलल्या मला म्हणाले, ते 'जेवलासा का' म्हणजे काय हो?"