न खेळता जिंकलेली मॅच

तुम्ही विचारता, मी प्रो बास्केटबॉल खेळलोय का. खेळलो म्हणजे, आपल्या शहराच्या टीममध्ये सगळा सीझन बाकावर बसलो. टीम बंद होणार होती, म्हणून शेवटच्या मॅचला अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गावाहून, पाचोडहून बोलावलं. मी खेळापायी शाळा सोडल्यापासून ते माझ्याशी जेमतेम बोलायचे.

कोचनं त्या दिवशी मला पहिल्या पाचांत घेतलं. पण समोरची टीम आलीच नाही. नियमाप्रमाणं आम्ही पाच जण कोर्टवर नुसते उभे राहिलो, रेफरीनं शिट्टी वाजवली आणि आम्हाला विजयी ठरवलं.

बाहेर आल्यावर अप्पांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"घाम नाय आला रं तुला?"

"जिंकलो ना, अप्पा."

"व्हय. पुढच्या साली परत येतो. तवा खेळून दाखव."

टीम बंद होतेय हे न सांगता मी हो म्हणालो.