डेव्हचा साचा आणि बाबांची बादली

अरे, पार्सिपनीतला आमचा शेजारी डेव्ह आठवतो ना? तो पिस्तुलाच्या गोळ्या घरीच ओततो. गेल्या समरला बाबा आले होते, तेव्हा तो गॅरेजमध्ये दुकानातून आणलेले दोन नवे साचे घेऊन, कोणता ठेवावा म्हणून कन्फ्यूज होऊन बसला होता. एकात सहा गोळ्या पडतात, दुसऱ्यात दोनच.

बाबांनी दोन्ही उघडून उजेडात धरले. "त्याला सांग, दोनचा घे. सहाचा तापायला वेळ लावतो, आणि गार साच्यात शिसं सुरकुततं."

मी ट्रान्सलेट केलं. डेव्ह चाट! "तुझे डॅड शूटर आहेत?"

"छे! सोलापूरला छापखान्यांसाठी अक्षरांचे खिळे ओतायचे. तीस वर्षं."

डेव्हनं लगेच एक बादली पुढे ओढली. भंगारातून आणलेले छापखान्याचे जुने खिळे, वितळवायला. बाबांनी एक उचलला, अंगठ्यानं पुसला आणि तिथेच मांडी घातली. रोज जाऊन एकेक अक्षर निवडून खिळे एबीसीडीप्रमाणे लावायला लागले. एमपर्यंत पोचले आणि परतीची फ्लाइट आली.

डेव्हनं दोनचा साचा ठेवून घेतलाय, पण खिळे वितळवलेच नाहीत; साचा अजून खोक्यातच आहे. भेटला की विचारतो, "डॅड कधी येणार?" आणि बाबा दर रविवारी फोनवर माझ्याआधी बादलीची चौकशी करतात.