दुसरंच इंजिन

(तासगावजवळचा मळा. बेदाण्याची रिकामी शेड. गोणपाटावर एका जुन्या बीएसए मोटारसायकलचं इंजिन सुटं करून मांडलेलं. फौजेतून नुकताच घरी आलेला उदयसिंह आणि सांगलीचे मेकॅनिक भरतेश.)

उदयसिंह : हात नका लावू अजून. आधी नुसतं बघा, काका.

भरतेश : बघायचं काय त्यात? रिंगा गेल्यात. धूर मारतीया म्हनलास तवाच फोनवर सांगितलं मी. आन् तू माझी वाट न बघता सगळं खोलून बसलास! हाताला खाज लय तुझ्या, ल्हानपनापासनं.

उदयसिंह : आबांच्या वर्षश्राद्धाच्या आत गाडी उभी करायचीय. दरसाल ते म्हसवडला सिद्धनाथाला न्यायचे. यंदा मी नेणार.

भरतेश : मग नेऊ की! सांगलीत बोअर मारून घिऊ, पिस्टन नवा टाकू. लढाईतली गाडी हाय बाबा, इंग्रजांनी बनवलीया. ती काय मरती व्हय? तुझे आबा, हंबीरदादा म्हनायचे, भरतेश, तू आन् मी जाऊ, ही ऱ्हाईल.

उदयसिंह : ते चेंबर उचला. पालथं करा.

भरतेश : केलं.

उदयसिंह : काय दिसतंय?

भरतेश : काय दिसायचं? चेंबर हाय. झ्याक घासलंयस.

उदयसिंह : टाका कुठाय?

भरतेश : कसला टाका?

उदयसिंह : मी सहावीत होतो. माणगंगेच्या पात्रात आबांची गाडी दगडावर आदळली. चेंबर फुटलं, सगळं तेल वाळूत. तुमी ट्रकात घालून सांगलीला नेलीत. वेल्डिंग तुमीच केलं. मी बॅटरी धरून शेजारी बसलो होतो. तुमी म्हणालात, गोधडीला मारतात तसा टाका मारलाय, आता फुटली तर दुसरीकडं फुटंल, हितं न्हाई.

भरतेश : हां, तो व्हय! अरं, ते चेंबर मी बदललं. पाच वर्सांमागं इंजिन बांधून दिलं ना, तू लडाखला हुतास तवा. टाका सुटाय लागला हुता. चालत्या गाडीला फुटलं असतं, तर दादा पडले असते.

उदयसिंह : आबांना सांगितलंत?

भरतेश : त्यांस्नी काय सांगायचं? वयस्कर मानूस. उगं जिवाला घोर.

उदयसिंह : मग नंबर आमचाच कसा?

भरतेश : आं?

उदयसिंह : चेंबर दुसरं आणि नंबर आमच्या कागदावरचा. जुना घासून नवा ठोकलाय. त्यातला सात बघा. शेपूट तुटकंय त्याचं. तुमच्या आकडे ठोकायच्या पंचांच्या डब्यातला सात तुटका होता, काका. माझ्याच हातनं फरशीवर पडला होता. तुमी कानाखाली काढली होती माझ्या.

भरतेश : कागदाची भानगड नको, म्हनून ठोकला. दादांना कुनी चौकीवर अडवलं असतं तर?

उदयसिंह : बरं. आणि बाकीचं? हेड, बोअर, फ्लायव्हील? ह्यातलं एकबी एकमेकांचं न्हाई. चार गाड्यांची हाडं गोळा करून एक माणूस उभा केलाय तुमी.

भरतेश : पळाली न्हाई का पाच वर्सं?

उदयसिंह : पळाली. आमचं इंजिन कुठाय?

भरतेश : भंगारात गेलं.

उदयसिंह : नक्की?

भरतेश : म्हंजे? आता इश्वास न्हाई व्हय माझ्यावर? माझ्या हातानं काट्यावर टाकलं. तुझ्या आबांची शपथ...

उदयसिंह : आबांची नको.

भरतेश : बरं, न्हाई घेत.

उदयसिंह : काल मी सांगलीत होतो. बायपासला ते नवीन हॉटेल झालंय ना, भाऊसोंचं. दारात काचेच्या खोलीत अशीच जुनी बीएसए उभी केलीय. हिरवी, चकचकीत. वर दिवे सोडलेत. मॅनेजरला म्हटलं, मी फौजी माणूस, जरा जवळनं बघू द्या. त्यानं दार उघडलं. गुडघे टेकले आणि खालनं हात घातला.

भरतेश : उदय...

उदयसिंह : टाका हाताला लागला. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत चाचपला. पोरं फोटो काढत होती गाडीचे, आणि मी तिच्या पोटाखाली हात घालून बसलेलो.

भरतेश : तुला कालच कळलं हुतं, तर मघापासनं माझी परीक्षा घेत हुतास?

उदयसिंह : वाट बघत होतो. म्हटलं, काका आपणहून सांगतील. एकदा तोंडानं सांगितलं तर मी बोलणार न्हवतो काही.

भरतेश : माझं बी ऐक रं. रस्ता रुंद केला तवा माझं गॅरेज पाडलं, ठावं हाय ना तुला? सारी हयात गेली त्यात. टपरीत बसून पंक्चर काढायची पाळी आलती. भाऊसो म्हनला, बायपासला शेड देतो, मला एक लढाईतली गाडी उभी करून दे, पर इंजिन अस्सल पायजे. कुठनं आनू? मुंबईपातुर हिंडलो. आन् दादांचं इंजिन माझ्या टेबलावर उघडं पडल्यालं. मनात आलं, दादांना काय, गाडी पळाली म्हंजे झालं.

उदयसिंह : मागायचं होतं.

भरतेश : मागितलं असतं तर दिलं असतं त्यांनी.

उदयसिंह : मग?

भरतेश : त्येच तर. दिलं असतं, म्हनून मागवंना.

उदयसिंह : फौजेत नवी पोरं यायची माझ्याकडं इंजिन शिकायला. पहिल्या दिवशी एकच सांगायचो. दुसऱ्याचं इंजिन उघडलंत म्हणजे त्याच्या घरात शिरलात, तिथली सुईबी उचलायची न्हाई. तुमचं वाक्य. तुमचं नाव घेऊन सांगायचो. लेहमध्ये एक बिहारचा पोरगा होता, तो विचारायचा, उस्ताद, आपके भरतेश काका कैसे हैं?

भरतेश : नको बोलू.

लीलाबाई : (शेडच्या दारात येऊन) काय चाललंय रं? घरापातुर आवाज येतोय.

उदयसिंह : आई, तू घरात जा.

लीलाबाई : का? इंजिनाचं हाय न्हवं? मला ठावं हाय त्ये.

उदयसिंह : काय ठाऊक आहे?

लीलाबाई : बसा भाऊजी, उभं नका ऱ्हाऊ. गाडी तुमी घरी आनून दिली, त्याच दिशी ह्यांनी वळखलं. तुमी गेल्यावर परत किक मारली, ऐकत उभं ऱ्हायले. बंद केली. मला म्हनले, आगं, हे आपलं इंजिन न्हवं.

उदयसिंह : आई! आणि पाच वर्षं मला बोलली न्हाईस?

लीलाबाई : बोलू दिलं न्हाई. म्हनले, पोरगं बर्फात बसलंय. त्याला बापामागं एक मानूस हाय हितं, भरतेश. तेवढा ऱ्हाऊ दे त्याला.

उदयसिंह : म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मीच तेवढा काका काका करत फोन करायचो.

लीलाबाई : तुझ्यासाठीच की रं.

उदयसिंह : माझ्यासाठी मला खोट्यात ठेवलं.

लीलाबाई : व्हय. चुकलं असंल. पर त्यांनी शपथ घातली हुती मला.

भरतेश : पर वैनी, दादा तर दर रविवारी गाडी घिऊन माझ्या शेडवर यायचे. लय येळ बसायचे. हसायचे, म्हसवडच्या गोष्टी सांगायचे. मला वाटलं, त्यांस्नी काय बी कळलं न्हाई.

लीलाबाई : त्याच्या आधी येत हुते दर रविवारी?

भरतेश : न्हाई. आधी सनासुदीला यायचे कवातरी.

लीलाबाई : मग का येत हुते म्हनून वाटलं तुमास्नी?

भरतेश : चा प्यायला...

लीलाबाई : घरात चा मिळत न्हवता व्हय? गुडघं धरल्यालं, डोळ्याला धड दिसत न्हवतं, आन् हितनं सांगलीला गाडीवर. मी भांडायची, कशाला जाताय म्हनून. म्हनायचे, आगं, त्याला सांगायचं असंल, पर आपल्या दारात यायला जड जात असंल. आपनच गेलेलं बरं.

भरतेश : मी भाऊसोच्या पाया पडतो, उदय. शेड सोडतो. इंजिन परत आनतो तुझं.

उदयसिंह : नको.

भरतेश : अरं, तुमचं हाय ते!

उदयसिंह : राहू दे काचेत. मी हेच बांधतो, म्हसवडला हेच नेतो. आबांनी शेवटपर्यंत हेच चालवलं, सगळं ठाऊक असून.

भरतेश : मग मी बसतो की संगं. एकट्याला लय येळ लागंल. टायमिंग मी लावून देतो.

उदयसिंह : पाना खाली ठेवा, काका.

भरतेश : रागात हायस तू.

उदयसिंह : राग असता तर काल हॉटेलातनं थेट तुमच्या शेडवर आलो असतो. राग न्हाई. तुमचा हात इंजिनाजवळ गेला की मला बघवत न्हाई. आधी तोच हात बघत बसायचो मी.

भरतेश : बरं. येतो मग.

लीलाबाई : सावकाश जावा. पुढं रस्ता खनलाय.

भरतेश : वैनी, एक इचारू? दवाखान्यात न्यायच्या आधीच्या रविवारी दादा माझ्याकडं लय येळ बसलेवते. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरी येऊन माझ्याबद्दल काय म्हनले का?

लीलाबाई : गाडी सावलीत लावली. टोपी काढली. पानी मागितलं.

भरतेश : आन्?

लीलाबाई : म्हनले, आजबी न्हाई बोलला.